आधी उठून बसू द्यावं

स्वान्सी,
२३ सप्टेंबर २०१८

ती. बाबांस,
मेन्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनचा नाद आपण सोडला ते बरंच झालं. गेल्या खेपेला मी मूत्रपिंड म्हटलं आणि तुम्ही मला मेंढ्यांचे बाजारभाव सांगत बसलात. कानाचं यंत्र कपाटात ठेवलं की ऐकू येत नाही, एवढं मी डॉक्टर नसूनही सांगू शकते.

अभ्यासक्रम सुरू झाला. इतकी वर्षं एक्स-रे काढले. तिथे माणसाला उभं करायचं, बटण दाबायचं, की चित्र समोर. सोनोग्राफीत चित्र समोर येत नाही, ते शोधावं लागतं. उजव्या हातात पोटावर टेकवायचा प्रोब, डावा हात यंत्राच्या बटणांवर, डोळे पडद्यावर, आणि तोंडाने पेशंटला श्वास घ्या, धरा, सोडा. पाणी काळं दिसतं, खडा पांढरा दिसतो आणि त्याच्या मागे सावली पडते, एवढं पहिल्या दिवशीच कळलं. पण स्वादुपिंड म्हणून जो अवयव पुस्तकात जठरामागे ऐसपैस पसरलेला असतो, तो माझी चाहूल लागली की गाव सोडून जातो. काल एका बाईंच्या पोटावर पाऊण तास शोधला. शेवटी त्यांनीच काळजीने विचारलं की मला तो आहे ना नक्की.

शिकवायला ओल्वेनबाई आहेत. निवृत्तीला आल्यात. या कामाने त्यांचा उजवा खांदा गेला, म्हणून डाव्या हाताने प्रोब धरतात आणि तरी माझ्या आधी पोचतात. रागावत नाहीत. माझ्या मनगटाला दोन बोटं लावून जरासं वळवतात, की धुक्यातून यकृत उभं राहतं. मग माझा हात होता तिथे परत नेऊन ठेवतात आणि म्हणतात, आता तू.

ओळख करून देताना मी सांगितलं की माझे वडील उत्तरेत शेतोशेती फिरून मेंढ्यांची सोनोग्राफी करतात, गाभण आहे का आणि पोटात कोकरं किती ते सांगतात. तेव्हापासून चहाला बसलं की कुणी ना कुणी विचारतंच की मग वडिलांना सापडतं का स्वादुपिंड.

प्रात्यक्षिकात दोनदा नापास झालं की परत एक्स-रेच्या खोलीत. ते मी मनात आणत नाही, म्हणजे रोज आणते. बाकी ठीक. दुधाला आपण उत्तरेतले लोक आपल्या भाषेत जो शब्द वापरतो तो इथे दक्षिणेत म्हटला, की दुकानदारीण मला परदेशी समजून इंग्रजी बोलायला लागते.

आत्याला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
मेन्ना


पेन-इ-ब्रिन,
२८ ऑक्टोबर २०१८

चि. मेन्ना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. मेंढे कळपात सोडले. एक आळशी निघाला, दिवसभर भिंतीला पाठ टेकून उभा असतो. त्याला आपल्या चर्चच्या कारभाऱ्याचं नाव दिलंय. नाव इथे लिहीत नाही, कारण पत्र पोस्टात टाकायला तुझी आत्या नेते आणि टाकण्याआधी वाचते.

तुझं पत्र वाचून हसू आलं. एका पोटाला पाऊण तास म्हणजे काय गं? तेवढ्यात माझी एक शेड संपते आणि मी हात धुऊन केक खात असतो. मेंढी पिंजऱ्यात आली, जांघेत प्रोब लावला, एक, दोन की रिकामी ते ओरडलो, पाठीवर रंगाचा ठिपका, दार उघडलं, पुढची. मेंढी कधी विचारत नाही की मला स्वादुपिंड आहे का.

बापाचा सल्ला ऐक. दाबून धर. धुकं दिसतं म्हणजे हात हलका पडतोय. कातडी आणि प्रोबमध्ये हवा राहिली की काही दिसत नाही. लाजू नकोस, दाब.

माझी तब्येत उत्तम. कंबर जरा धरते, पण ते बसायच्या स्टुलामुळे. हंगामाआधी नवीन घेतो.

कळावे. माझा लोभ न मागताही आहेच.

इद्वाल


स्वान्सी,
१८ नोव्हेंबर २०१८

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला ऐकला. दाबलं. पेशंट चांगला दणकट रग्बी खेळणारा होता, तरी त्याच्या तोंडून निघालं ते चर्चमध्ये सांगता येणार नाही. ओल्वेनबाईंनी विचारलं की हे कुणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगितलं. तर त्यांचा निरोप आहे की मेंढी तक्रार अर्ज लिहीत नाही, माणूस लिहितो.

पण स्वादुपिंड सापडलं. दाबून नाही. पेशंटला पोट फुगवून श्वास धरायला सांगितलं, तेव्हा यकृत खाली सरकलं आणि खिडकीतून डोकवावं तसं त्याच्यातून ते दिसलं. मी त्या आनंदात होते आणि बिचारा श्वास धरूनच पडला होता. सोडा म्हणायला विसरले. एरवी आता हे इतकं तोंडात बसलंय की परवा बसच्या रांगेत कुणीतरी पुढे सरकेना, तर मी त्याला म्हटलं, श्वास घ्या.

आता एक विचारायचं आहे. या आठवड्यात आम्ही महाधमनी शिकलो. हृदयातून निघून पाठीच्या कण्यासमोरून खाली उतरणारी ही सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. उतारवयात काही पुरुषांची ती पोटात फुग्यासारखी फुगते. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस फुटते. आधी बघितली तर सोनोग्राफीत सहज कळतं. म्हणून पासष्टी आली की प्रत्येक पुरुषाला तपासणीचं बोलावणं येतं. तुम्हाला सदुसष्ट. गेला होतात का? उत्तर एका शब्दात चालेल.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
मेन्ना


पेन-इ-ब्रिन,
९ डिसेंबर २०१८

चि. मेन्ना हिस,
अ. उ. आ. वि. वि.

थंडी कडक पडली. डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणल्या. आळशी मेंढ्याने शेवटी लाज राखली, त्याच्या छातीला लावलेल्या रंगाने कळपातल्या बहुतेक पाठी रंगल्यात. शेजारच्या गेथिनची डुकरीण कुंपण तोडून आत्याच्या कोबीत शिरली, त्यावरून दोघांचं बोलणं बंद आहे. मी मध्ये पडत नाही, कारण कोबी तसाही कडू होता.

नाताळच्या पहाटे चर्चमध्ये आत्या आणि मी गाणार. खालचा सूर माझा. कानाला कळत नाही, म्हणून मी आत्याच्या भुवयांकडे बघून गातो. वर गेल्या की मी चुकलो.

ओल्वेनबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, मेंढी लाथ मारते, ती तक्रारच असते.

तू काहीतरी विचारलं होतंस. तुझं पत्र कुठे ठेवलं ते सापडत नाही. सापडलं की उत्तर देतो.

लोभ वाढत जावो.

इद्वाल


बाला,
१० डिसेंबर २०१८

चि. मेन्नास,
मायफन्वी आत्याचे अ. उ. आ.

पत्रास कारण की, तुझ्या बापाचं पत्र मी पोस्टात टाकलं. वाचलं हे तुला माहीत आहेच. तुझं पत्र हरवलेलं नाही, घड्याळामागे आहे.

त्याला बोलावणं दोनदा आलं. पहिल्या कागदाने त्याने शेगडी पेटवली. दुसऱ्याने पेटवणार होता तेवढ्यात मी गेले. मी चार शब्द ऐकवले तर म्हणाला की मी जन्मभर दुसऱ्यांची पोटं बघितली, माझं कुणी बघायची गरज नाही.

तू लहान होतीस, म्हणून तुला आठवणार नाही. आमचे वडील ओढ्याकाठी कोसळले तेव्हा सत्तरीही नव्हती. डॉक्टर हृदय म्हणाले. कुणी उघडून बघितलं नाही. पण त्याआधी काही दिवस ते कंबरेवर हात ठेवून चालत होते, हे मला आठवतं आणि त्यालाही आठवतं. हल्ली तोही तसाच चालतो. मी बघतेय हे दिसलं की हात काढतो.

मरणाला भीत नाही असं तो म्हणतो, आणि ते खरंही असेल. तो भितो ते ऐन हंगामात घरी बसवतील याला. त्याच्यावर ओरडू नकोस. ओरडून झालंय माझं. तू काहीतरी वेगळं कर.

अशीच लिहीत जा.

तुझी आत्या,
मायफन्वी


स्वान्सी,
१३ जानेवारी २०१९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नवीन वर्षाचं उशिरा लिहितेय. चांगली बातमी आली की लिहू म्हणून थांबले होते, ती आली नाही. पहिल्या प्रात्यक्षिकात मी नापास झाले.

चित्रं चांगली होती. मापं बरोबर होती. पित्ताशयातले खडेही सापडले. परीक्षकांनी लिहिलं की विद्यार्थिनी सगळा वेळ गप्प होती आणि पेशंट सगळा वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ओल्वेनबाईंनी मला बाहेर नेऊन कॉफी पाजली. म्हणाल्या, तुझा हात शिकला, आता तोंड शिकायचं राहिलंय. अंधाऱ्या खोलीत पोट उघडं टाकून पडलेल्या माणसाला तुझं कपाळ हाच रिपोर्ट असतो. तू लक्ष देऊन बघताना आठी घालतेस आणि तो तिकडे मृत्युपत्र लिहायला घेतो.

त्या म्हणतात ते खरं आहे. मी तुमच्यासारखी बोलकी नाही. काय बोलावं ते सुचत नाही, आणि जे दिसतंय ते अर्धवट सांगायची भीती वाटते. एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षा आहे. माझ्याबरोबरची एकजण कंटाळून सोडून गेली. मला सोडायचं नाही.

आता तुमच्याकडे काम. आत्याने मला लिहिलंय. लपवत नाही, कारण तुम्हाला कळणारच. शेगडीबद्दल मी काही बोलणार नाही. मला तुमची मदत हवी आहे. आम्ही विद्यार्थिनी एकमेकींवर सराव करतो, पण आम्हाला सगळं माहीत असतं, त्यामुळे त्या खाटेवर भीती कशी असते ते कळत नाही. मला असा माणूस हवा, जो कधी तिथे झोपलेला नाही, जो घाबरलेला आहे आणि जो मला खरं लिहील. पहिल्या दोन्हींत तुम्ही बसता. तिसऱ्याचं तुम्ही बघा.

तिथे पडल्यावर काय वाटतं, समोरचं माणूस काय बोललं की बरं वाटलं, काय केलं की नको झालं, सगळं लिहा. वेळ राहून गेली असेल तर फोन केला की नवीन मिळते. फोन आत्या करेल. तुम्ही केलात तर कोंबड्या तपासायची वेळ घेऊन याल.

वाट बघते. लोभ आहे म्हणूनच हे मागते.

तुमची,
मेन्ना


पेन-इ-ब्रिन,
३ फेब्रुवारी २०१९

चि. मेन्ना हिस,
अ. उ. आ. वि. वि.

हुकूम केला असतास तर मोडला असता. काम सांगितलंस म्हणून केलं. शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून आत्याला फोन लावू नकोस.

शुक्रवारी बालाच्या दवाखान्यात गेलो. गाडी आत्याने चालवली, त्यामुळे जिवाची खरी भीती तिथवर पोचेपर्यंतच होती. बाहेरच्या बाकावर आम्ही चार म्हातारे. सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि सगळे जण दुसऱ्याच कुणाला तरी सोबत म्हणून आल्यासारखे बसलेले. आत केरिस नावाची बाई होती, साधारण तुझ्या वयाची. तिने नाव-जन्मतारीख विचारली. मग काय करणार ते सांगितलं, आणि म्हणाली की जे कळेल ते आजच, इथेच, मी स्वतः सांगीन. मी म्हटलं मी याच धंद्यातला, फक्त माझं गिऱ्हाईक चार पायांचं. ती हसली आणि म्हणाली, मग हे पोटाला लावायचं जेल किती गार लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

मला माहीत नव्हतं. आयुष्यभर मेंढ्यांना लावलं, स्वतःला कधी लावून बघितलं नाही. मेन्ना, फार गार असतं.

तू लिहायला सांगितलंस म्हणून लक्ष ठेवून होतो. आडवं झालं की माणूस लहान होतो. वर छत आणि दुसऱ्याची हनुवटी, एवढंच दिसतं. शर्ट गळ्याशी, पट्टा सुटलेला, पोटावर चिकट. तशा अवस्थेत मला कुणाशी भांडता आलं नसतं, आणि भांडता येत नसलं की मला काही सुचत नाही हे तू जाणतेस. पण ती बोलत होती. आता बेंबीच्या वर बघतेय, आता आडवं, आता उभं, आता मोजतेय. तिचा आवाज कानावर होता तोवर मी ठीक होतो.

पडदा मला दिसत होता. मधोमध काळा गोल. माणसाचं पोट मी कधी वाचलेलं नाही, त्यामुळे मला तो गोल केवढा असायला हवा ते ठाऊक नव्हतं. पण तिने तो मोजला, परत मोजला, आणि तिसऱ्यांदा मोजताना बोलायची थांबली. तेवढ्यात मला माझे बाबा दिसले, ओढ्याकाठी. मग तीच म्हणाली की एक माप पक्कं करून घेतेय, म्हणून गप्प आहे, मी कुठे गेले नाही. ते वाक्य मी घरी येईपर्यंत धरून होतो.

मोजून झाल्यावर तिने प्रोब जागेवर ठेवला. कागदाने पोट पुसून दिलं. उठून बसा म्हणाली, शर्ट नीट करा. मी शर्ट खोचेपर्यंत काही बोलली नाही. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, माझ्याएवढीच उंच होईल अशी, आणि ऐकू कोणत्या कानाने येतं ते विचारलं. आणि सांगितलं. महाधमनी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. माझी पाच पूर्णांक आठ. ही मोठी आहे. आज फुटेल असं नाही, पण अशीच ठेवायचीही नाही. सर्जन लवकरच भेटतील, बहुधा ऑपरेशन करायला सांगतील. तोवर जड उचलायचं नाही, वाकून ओढाताण करायची नाही. एवढं बोलून ती थांबली. या वेळचं थांबणं निराळं होतं. ती माझ्यासाठी थांबली होती.

मला एवढंच सुचलं की उरलेल्या शेतांवरच्या मेंढ्यांचं काय करू. तिने ते नीट लिहून घेतलं, जसा काही तो दुखण्याचाच भाग.

तर तुझं उत्तर. हात चालू असताना तोंड बंद ठेवू नये. गप्प बसावं लागलं तर का ते सांगावं. आणि आडव्या माणसाला काही सांगू नये. त्याला पुसून द्यावं, आधी उठून बसू द्यावं, शर्ट खोचू द्यावा. मग सांगावं. बसलेला माणूस ऐकतो.

खरं लिहिलंय. भीती वाटली, तीही लिहिली. आत्याला त्यातलं अर्धंच सांगितलंय, बाकीचं ती पोस्टात टाकताना वाचेल.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझे बाबा,
इद्वाल


स्वान्सी,
६ फेब्रुवारी २०१९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दारातच, कोट न काढता वाचलं. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसले. ओल्वेनबाई आल्या, मी त्यांना आकडा सांगितला. त्या म्हणाल्या की हा आकडा असलेली माणसं ऑपरेशन करून घरी जातात आणि बायकापोरांना पुन्हा छळायला लागतात. जी तपासायलाच येत नाहीत त्यांची गोष्ट वेगळी. तुम्ही आलात.

शनिवारी मी निघतेय. आठवड्याची रजा घेतली आहे. उरलेली शेतं दुसऱ्या कुणाला देऊ नका. ती मी करते. हसू नका. तुम्ही शेजारी खुर्चीवर बसायचं, तोंड चालवायचं, हात चालवायचा नाही. गेथिनला सांगून ठेवा की नवीन माणूस हळू आहे, पण दाबत नाही.

तुम्ही जे लिहिलंत ते मी ओल्वेनबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते वर्गात सांगायची परवानगी मागितली आहे. तुमच्या वतीने मी दिली.

बाकी भेटीअंती. लोभ घेऊनच येते.

मेन्ना


पेन-इ-ब्रिन,
२४ फेब्रुवारी २०१९

चि. मेन्ना हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तू गेलीस आणि आत्याने पुन्हा घराचा ताबा घेतला. मला कोळशाची बादली उचलू देत नाही. काल किटली उचलली तर पोलीस आल्यासारखी धावली.

पहिल्याच मेंढीला तू थोडं गार लागेल हं असं म्हणालीस, ते गेथिनने बाजारात सगळ्यांना सांगितलंय. दुसरीला हात लावण्याआधी नाव विचारशील असं त्याला वाटलं होतं. पहिल्या दिवशी त्याच्या बायकोने तीनदा चहा केला आणि तिसऱ्यांदा कप जरा जोरात ठेवला. पण शेवटच्या शेतावर तू जे ओरडायला लागलीस, दोन, एक, दोन, रिकामी, ते मला कानाच्या यंत्राशिवाय ऐकू आलं. तुझ्याकडे आवाज आहे. तो तू तिकडे दक्षिणेत वापरत नाहीस एवढंच.

मी ब्लँकेट गुंडाळून पिंजऱ्याच्या पलीकडे बसलो होतो. आजवर मी कायम अलीकडे, बुडाशी, चिखलात. तिकडून पहिल्यांदाच बघितलं. तू प्रोब नुसता टेकवतेस आणि चित्र येईपर्यंत थांबतेस. मेंढ्या माझ्याकडे करतात तेवढी धडपड तुझ्याकडे करत नव्हत्या. दाब म्हणून दिलेला सल्ला मी परत घेतो.

सर्जन भेटले. ऑपरेशन २० मार्चला. पोट फाडणार नाहीत, जांघेतून नळी घालून आतून जाळीचं अस्तर बसवणार. जांघेतून म्हटल्यावर मी म्हटलं वाट माझ्या ओळखीची आहे. ते हसले नाहीत. इंग्रज असावेत.

रात्री झोप बरी लागते. भीती वाटते, ती लिहून ठेवतो, कारण बोलताना माझ्या तोंडून विनोदच निघतात.

तू ये म्हणजे झालं. लोभ आहेच.

बाबा


बाला,
७ एप्रिल २०१९

चि. मेन्नास,
अ. उ. आ.

तू गाडीत बसलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं. जांघा काळ्यानिळ्या आहेत पण चालतो. कंबरेवर हात ठेवत नाही. पेज नको म्हणतो, मटण मागतो. म्हणजे बरा आहे.

सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले की भिंत पातळ झाली होती, उन्हाळ्यापर्यंत थांबला नाहीत तेच बरं झालं. मी घरी येऊन थोडी रडले, मग त्याला रागावले, मग दोघांनी चहा घेतला.

आता त्याचा नवा उद्योग ऐक. काठी टेकत चर्चच्या दारात उभा राहतो आणि पासष्टीच्या पुढच्या प्रत्येक पुरुषाला विचारतो की पोट दाखवून आलास का. प्रवचनाच्या आधी. कारभारी मागच्या दाराने यायला लागलाय. पण तिघं जाऊन आले. त्यातला एक गेथिन. त्याचं सगळं नीट निघालं म्हणून त्याने मला कोबी पाठवले. मी घेतले.

तुझी परीक्षा जवळ आली. जेवत जा. आमची काळजी करायचं काम आमच्याकडे आहे.

माया आहे ती कायम.

मायफन्वी आत्या


स्वान्सी,
२८ एप्रिल २०१९

ती. बाबांस आणि ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. आधी हे लिहिलं म्हणजे आत्याला पुढचं शांतपणे वाचता येईल.

पेशंट एक निवृत्त शाळामास्तर होते. पोट दुखतं म्हणून आलेले, बरोबर कुणी नाही. मी दिवा मंद करायच्या आधी स्वतःचं नाव सांगितलं, काय करणार ते सांगितलं. हात चालू झाला तसं तोंडही चालू ठेवलं. सुरुवातीला माझाच आवाज मला परका वाटला. मग यकृतात एक डाग दिसला. नको होता तसा. मी म्हटलं की इथे मला नीट बघायचंय, जरा वेळ गप्प राहीन, पण इथेच आहे. ते म्हणाले, बघा, वर्गातही मी मुलांना वेळ द्यायचो.

झाल्यावर पुसून दिलं. ते उठून बसले, शर्टाची बटणं लावली, एक चुकलं, ते परत लावलं. मी थांबले. मग सांगितलं की यकृतात काहीतरी आहे, ते काय ते या तपासणीवरून मला सांगता येत नाही आणि अंदाज मी करणार नाही, पण डॉक्टरांना मी आजच कळवतेय आणि ते लवकर बोलावतील. त्यांनी विचारलं की माझ्या जागी तुम्ही असता तर घाबरला असता का. मी म्हटलं, मी घाबरले असते आणि कुणालातरी बोलावून घेतलं असतं. त्यांनी तिथूनच बहिणीला फोन लावला. ती त्यांना न्यायला येईपर्यंत ते आमच्या बाकावर बसले होते. मी जाता-येता त्यांच्याशी बोलत होते.

परीक्षक पूर्ण वेळ कोपऱ्यात काहीतरी लिहीत होते. ओल्वेनबाई बाहेर उभ्या होत्या. मी बाहेर आले तर त्यांनी निकाल विचारला नाही, खांद्यावर हात ठेवला, तोही दुखऱ्या खांद्याचा. गेल्या आठवड्यात त्यांना कळलं की त्यांची जागा घ्यायला मी अर्ज करणार आहे. म्हणाल्या की खांदा जपून वापर, तोंड कितीही.

मास्तरांचं पुढे काय निघालं ते मला कळायला वेळ लागेल. कदाचित कळणारही नाही. त्या डागाचा विचार येतो. पण मी त्यांना एकटं टाकलं नाही, एवढं माझ्यापाशी आहे.

तुमच्या दोघांच्या लोभात वाढलेली,
मेन्ना


पेन-इ-ब्रिन,
९ जून २०१९

चि. मेन्ना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

लोकर कातरायला माणसं आलीत, बाहेर गलका आहे. मला हात लावू देत नाहीत, म्हणून आत बसून तुला लिहितो. तुला जागा मिळाली हे वाचलं. आत्याने पत्र चर्चमध्ये वाचून दाखवलं, मी नको म्हणत होतो, फार जोरात म्हणत नव्हतो.

परवा ऑपरेशननंतरची पहिली सोनोग्राफी झाली, मोठ्या इस्पितळात. मला वाटलं कुणी जुनं जाणतं असेल. खाटेशी होता एक चाळिशी उलटलेला टकल्या गृहस्थ, आधी वॉर्डात नर्स होता, आता हे शिकतोय. मागे त्याला शिकवणाऱ्या बाई हाताची घडी घालून उभ्या. मी परवानगी दिली. त्याचा हात इतका कापत होता की जेल माझ्या पोटावर कमी आणि चादरीवर जास्त पडलं. पडद्यावर नुसतं धुकं. तो एक शब्द बोलेना. कपाळावर घाम.

मी त्याला म्हटलं की माझी मुलगी हेच शिकली, तिलाही सापडायचं नाही, आता तिला लोक बाई म्हणतात. आणि म्हटलं की काय शोधतोयस ते मला सांग, मला ऐकायला आवडतं. त्याने मागे बाईंकडे बघितलं. मग सांगायला लागला. हा कणा, त्याच्यापुढे ही महाधमनी, आता हिच्यात ते अस्तर दिसायला हवं. सांगता सांगता हात कापायचा थांबला. आणि दिसलं ते. जाळीची नळी, खाली दोन फाटे, धुऊन वाळत घातलेल्या विजारीसारखी, आणि तिच्यातून रक्त सरळ वाहत चाललेलं. बाहेर काही झिरपत नव्हतं. बाईंनी प्रोब घेऊन पुन्हा सगळं तपासलं, मग मान हलवली.

निकाल माझा, पण सुटकेचा श्वास आधी त्याने सोडला. माझं पोट त्याने इतकं मन लावून पुसलं की मला गुदगुल्या झाल्या. मी उठून बसल्यावर त्याने सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि वर मलाच धन्यवाद दिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने केलेली त्याची ही पहिलीच तपासणी होती.

बाहेर आत्या कधीची ताटकळत होती. तिने विचारलं की एवढा वेळ आत काय चाललं होतं. मी म्हटलं की एकजण शिकत होता, आणि मला काही घाई नव्हती.

इकडे ये तेव्हा लोभ सोबत आण. इथलाही वाट बघतोय.

तुझे बाबा,
इद्वाल